जखऱ्याबाबांची जागा

"असतो की नसतो? तेवढंच सांगा गुरुजी, मला लगेच परत जायचंय."

जखऱ्याबाबांनी मान वर केली नाही. पुढ्यात मेथीची जुडी होती. ते एकेक पान खुडत होते आणि देठ बाजूला टाकत होते.

"काय असतो की नसतो?"

"आत्मा. जन्माच्या आधी."

"बस," बाबा म्हणाले. "आणि ही अर्धी तू निवड."

शमुवेल उजागरे बसला. मुरूमवाडीच्या ख्रिस्ती मंडळीचा तो नवा पाळक. त्याच्या आधी उभं आयुष्य जखऱ्याबाबांनी ती मंडळी सांभाळली होती, आणि शमुवेलला बाराखडीपासून शास्त्रापर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं होतं. पुढे पोरगा पाळक व्हायला सेमिनरीत गेला, पहिला आला, आणि गावी परतला तो असा की म्हाताऱ्यांनी साधी प्रार्थना म्हटली तरी याला तीत चूक सापडायची. हुशारी काही वाईट नसते. पण भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालणाऱ्याला पायाखालचं दिसत नाही, तशी त्याची गत होती.

आज घागर हिंदकळली होती. बाबांनी पुढे सरकवलेली मेथी तो नुसताच कुस्करत बसला.

"मार्कसची सलोमी बाळंत झाली. पहाटे."

बाबांचा हात थांबला.

"मेलेलंच जन्मलं, गुरुजी. मुलगा."

…

बाबांनी खुडलेलं पान पुन्हा जुडीवर ठेवलं.

"गेला होतास तिच्याकडे?"

"तिथूनच येतोय. लेकरू मांडीवर घेऊन बसलीय, देतच नाही. मार्कसने विनवलं, बायकांनी विनवलं. हे असे उन्हाचे दिवस, संध्याकाळच्या आत माती द्यायला हवी. पण तिचं एकच. आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या, मग लेकरू देते."

"काय विचारते?"

"माझ्या पोटात यायच्या आधी हा कुठं होता?"

शेजारणीने तिला सांगितलं होतं, रडू नकोस बाई, जीव कुठे जात नाही, पुन्हा तुझ्याच पोटी येईल. सलोमीने तिला म्हटलं, आमच्यात तसं नसतं. आणि मग दारात उभ्या असलेल्या शमुवेलकडे पाहून म्हणाली होती, "मंग आपल्यात कसं असतं ते तुमी सांगा, पाळकसाहेब. आदी देवाजवळ व्हता ना? तिथनं आला, तिथंच गेला. एवढंच म्हना. बास."

"आणि तू काय म्हणालास?" बाबांनी विचारलं.

"जे खरं ते." शमुवेलचा कणा आपोआप ताठ झाला. "म्हटलं, आत्मे वर कोठारात भरून ठेवलेले नसतात. तसं मानणारे जुन्या काळी होते, मोठे पंडितही त्यात होते, पण मंडळीने ते मत केव्हाच टाकून दिलं. कुणी म्हणतं, दिव्यावरून दिवा लावावा तसा आत्मा आईबापांकडून येतो. कुणी म्हणतं, देव प्रत्येक गर्भात तो नवा निर्माण करतो. पण आधीपासून असतो, हे नाही. यावर माझा निबंध आहे, गुरुजी. बक्षीस मिळालं होतं त्याला."

"हे सगळं सांगितलंस?"

"थोडक्यात."

"बाळंतिणीला."

शमुवेल बोटांना लागलेला मेथीचा हिरवा रस पुसत राहिला.

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, आधी कुठंच नव्हता, आणि आला तर श्वास घेतला नाही. मग मी नऊ महिने बोलत होते ते कुणाशी?"

…

"पुढे?"

"मी म्हटलं, गर्भात आत्मा होता. त्यावर म्हणाली, मग आता त्याला कुठं ठेवणार? मी रीत सांगितली. बाप्तिस्मा न झालेलं लेकरू कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर." शमुवेलने मान खाली घातली. "ती हसली, गुरुजी. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आदी कुठंच न्हाई, आता कुंपनाभाईर. म्हंजी देवाच्या घरी ह्याची कुनी वाटच बघितली न्हाई."

बाबांनी डोळे मिटले.

"मला ठाऊक आहे तिला काय ऐकायचंय," शमुवेल म्हणाला. "एक शब्द खोटा बोललो असतो तर ती उठली असती. पण तुम्हीच शिकवलंत, मयताच्या उशाशी खोटं बोलायचं नाही. मी नाही बोलणार. तुम्ही सांगितलंत तरी नाही. पण माझं काही चुकलं असेल तर ते आत्ता सांगा. मी जाऊन तिचे पाय धरतो."

"तुझं बरोबर आहे," बाबा म्हणाले.

"काय?"

"बरोबर आहे तुझं. आत्मा आधी नसतो. जा, सांग पुन्हा."

शमुवेलला वाटलं होतं, हे ऐकून जिवाला थंडावा मिळेल. झालं उलटंच. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळावेत आणि घरी येऊन पाहावं तर सांगायला कुणीच नसावं, तसं त्याला झालं.

"मग ती लेकरू देणार नाही."

"नाही देणार."

"मग मी तिला काय सांगू?"

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. ऐंशीच्या पुढचं वय, उठायला वेळ लागला. कोपऱ्यातलं फावडं त्यांनी शमुवेलकडे दिलं आणि स्वतः पहार घेतली.

"चल."

मुरूमवाडीची जमीन नावाप्रमाणेच. वर बोटभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पहार मारली की ठिणगी उडते. उन्हाळ्यात कुणी गेलं की गडीमाणसं दिवसभर घाम गाळत, आणि तरीही खड्डा पुरेसा खोल व्हायचा नाही. म्हणून जुन्यांनी एक रीत पाडली होती. वय झालं की ज्याने त्याने पावसाळ्यात, जमीन जरा ओली असताना, आपली कबर आपण खणून ठेवायची. ओढ्याकाठची मऊ माती आणून ती भरायची, उशाला नावाचा दगड लावायचा. म्हणजे वेळ आली की एखाद्या बाईमाणसालासुद्धा ती माती उपसता यावी.

परगावच्या माणसाला हे अभद्र वाटायचं. गावाला त्याचं काही नव्हतं. म्हातारे एकमेकांना विचारायचे, "काय पाव्हणं, बांधून झालं का घर?" ज्याची जागा त्याची. ती त्याने दुसऱ्या कुणाला दिली तरी मंडळी हरकत घेत नसे. एका म्हातारीने आपली जागा तरण्याताठ्या जावयाला दिली होती, आणि पुढच्या पावसाळ्यात डोळे पुसत स्वतःसाठी नवी खणायला घेतली होती.

कबरस्तान गावाच्या टोकाला होतं. भोवती रचलेल्या दगडांचं कमरेएवढं कुंपण. पलीकडे उतारावर लहान लहान दगडांचे ढीग होते. त्यांवर ना क्रूस होता, ना नाव.

शमुवेलला वाटलं, बाबा तिकडेच वळणार. त्याने पाऊल तिकडे टाकलंसुद्धा. पण बाबा फाटकातून आत गेले आणि एस्तेरबाईंच्या कबरीजवळ थांबले. एस्तेरबाई म्हणजे बाबांची बायको, जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्या शेजारी दुसरा दगड होता. त्यावर लिहिलं होतं, जखऱ्या.

दगडापुढे मेथी दाट उगवली होती. निम्मा वाफा खुडलेला होता.

शमुवेलने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग मेथीकडे. मग बाबांकडे.

"माती चांगली आहे," बाबा म्हणाले. "रिकामी कशाला ठेवायची?"

शमुवेलला हसावं की ओरडावं हे कळेना. तिकडे एक बाई मेलेलं लेकरू घेऊन बसली आहे, ऊन चढतंय, आणि गुरुजींना भाजीपाला सुचतोय. त्याला खरोखर राग आला.

"गुरुजी, माझ्याकडे वेळ नाही."

"हे कुणाचं?" बाबांनी पायाने वाफ्याची कड दाखवली.

"तुमचं."

"आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"नीट बघ."

"कुणी नाही, गुरुजी. मातीच आहे."

"मग माझं कसं?"

"तुमच्यासाठी ठेवलंय म्हणून."

"मी आत नाही, तरी माझं?"

"हो."

"मी नसतानाच माझं?"

"हो, पण…"

शमुवेल दगडावरचं नाव पुन्हा वाचू लागला.

…

"हे होतं का रे तुझ्या निबंधात?" बाबांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

शमुवेलने नकारार्थी मान हलवली.

"मेथी उपट," बाबा म्हणाले.

त्याने दोन-चार मुठी उपटल्या. मग एकदम थांबला. बाबांच्या मनात काय आहे ते आता त्याला दिसलं होतं, आणि ते पाहून तो घाबरला होता.

"गुरुजी, पण रीत… इथे आत… बाप्तिस्मा झालेल्यांनाच…"

"माझा झालाय."

"तुमचा झालाय हो, पण लेकराचा…"

"जागा माझी आहे. मी देतोय."

"मंडळीचे पंच मला विचारतील. म्हणतील, नव्या पाळकाने येताच कुंपण मोडलं."

"त्यांना सांग, कुंपण जिथल्या तिथं आहे. हललोय तो मी."

हे ऐकून शमुवेलचा बांध फुटला. सकाळपासून पोटात साठलेलं सगळं बाहेर आलं.

"मग इतकी वर्षं काय झालं होतं? तुम्ही स्वतः किती लेकरं तिकडे नेऊन ठेवलीत! लहानपणी मी पाहिलंय. या हातांनी ठेवलीत तुम्ही. तेव्हा का नाही सुचलं?"

बोलला आणि त्याने जीभ चावली. आपल्या गुरूशी असं कुणी बोलतं का?

बाबा कुंपणापलीकडे पाहत होते. उतारावरच्या त्या ढिगांकडे. ऊन त्यांच्या डोळ्यांवर येत होतं, तरी त्यांनी हात आडवा धरला नाही.

…

"खण," ते म्हणाले.

शमुवेलने फावडं मारलं. माती लोण्यासारखी निघाली. वर्षानुवर्षं कुणीतरी निगा राखलेली माती होती ती. एकही खडा नव्हता. लेकराला लागणार ती किती जागा! बघता बघता खड्डा झाला. बाबांनी आत उतरून तळ हातांनी सारखा केला. शमुवेलने त्यांना वर ओढून घेतलं.

"जा. आता तिला घेऊन ये."

"काय सांगू?"

"खरं ते."

सलोमीच्या घरापर्यंत शमुवेल जवळजवळ पळतच गेला. ती होती तिथेच होती, भिंतीला पाठ लावून. जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेलं लेकरू मांडीवर होतं. मार्कस उंबऱ्यात डोकं धरून बसला होता. सकाळी शमुवेल दारात उभा राहूनच बोलला होता. आता तो आत गेला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"सलोमीताई, मी खोटं सांगणार नाही. तुमच्या पोटात यायच्या आधी तो नव्हता."

मार्कसने कपाळावर हात मारला. "अवो साहेब, पुन्यांदा तेच?"

सलोमीचे डोळे कोरडे होते.

"पण त्याची जागा होती," शमुवेल म्हणाला.

…

"कुठं?"

"दाखवतो. चला."

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांत माती होती, मनगटापर्यंत माती होती. सकाळी हेच हात स्वच्छ होते आणि एकेक मत बोटावर मोजून दाखवत होते.

मग उठली. मार्कस धरायला धावला.

"धरू नगा मला. म्या चालंन. आन लेकराला बी मीच घेनार."

अशक्त बाई, अंगात त्राण नाही, पण ती गावाच्या टोकापर्यंत चालली. मध्ये एकदाच थांबली. कुणाचा हात मात्र घेतला नाही. कबरस्तानाशी आल्यावर तिची पावलं आपसूक कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला वळली. तिला ठाऊकच होतं कुठे जायचं ते.

"तिकडे नाही, पोरी," फाटकातून बाबांनी हाक मारली. "इकडे. आत."

ती आत आली. खड्डा पाहिला, उशाचा दगड पाहिला. तिला वाचता येत होतं.

"ह्ये तर तुमचं नाव हाय, पाळकबाबा."

"हो. मलाही ही जागा माझीच वाटत होती."

"कवापास्नं हाय ही?"

"एस्तेर गेली तेव्हापासून. दरसाल माती बदलतो. खडा दिसला की वेचतो, तण उपटतो."

"कुनासाठी?"

"ते आज कळलं."

सलोमी खाली बसली. लेकरू एका हाताने छातीशी धरलं आणि दुसरा हात खड्ड्यात घालून माती चाचपली. चिमटीत घेतली, बोटांनी चोळली.

"मऊ हाय," ती म्हणाली.

आणि मग ती रडली. दिवसभर अडलेलं रडू होतं ते, आडवं-तिडवं आलं. मार्कस तिच्याशेजारी बसून रडला. शमुवेलही रडला, आणि आपण पाळक आहोत, आपण धीर द्यायचा असतो, हे त्याला त्या वेळी आठवलं नाही. बरं झालं आठवलं नाही ते.

"नाव काय ठेवलंस?" बाबांनी विचारलं.

"योनाथान."

"मार्कस, तो दगड उपट. उलटा लाव. मागची बाजू कोरी आहे."

मार्कसने दगड फिरवला. सलोमीने लेकरू आपल्या हातांनी आत ठेवलं. लुगड्याचा पदर त्याच्या तोंडावरून जरा सरकला होता, तो नीट केला. शमुवेल प्रार्थनेला उभा राहिला. त्याला मोठमोठ्या प्रार्थना तोंडपाठ होत्या, त्यातली एकही आठवेना. "देवा, हा योनाथान," एवढंच तो म्हणाला आणि थांबला.

"आमेन," सलोमी म्हणाली.

माती लोटायला फावडं लागलं नाही. चौघांनी हातांनीच लोटली.

ऊन उतरल्यावर मार्कस तिला घरी घेऊन गेला. जाताना तिने नवऱ्याचा हात धरला होता. शमुवेल फाटकाशी उभा राहून ते दोघं दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिला. त्याला फार हलकं वाटत होतं, आणि थोडी लाजही वाटत होती.

तेवढ्यात पाठीमागे खण्ण असा आवाज झाला.

तो वळला. कबरस्तानात कुणी नव्हतं. पुन्हा आवाज आला. तो पळत कुंपणाशी गेला आणि पलीकडे डोकावला.

उतारावर, त्या बिननावाच्या ढिगांच्या अगदी मधोमध, जखऱ्याबाबा दोन्ही हातांनी पहार उचलून जमिनीत मारत होते. ठिणगी उडाली. दगडाचा नखाएवढा कपचा निघाला. त्यांनी पुन्हा पहार उचलली.

"गुरुजी! हे काय करताय?" शमुवेल कुंपणावरून चढून पलीकडे गेला. त्याने पहार धरली. "एस्तेरबाईंच्या दुसऱ्या अंगाला जागा आहे. मी खणतो. उद्याच गडी लावतो. तुम्ही आत… तुमचा हक्क आहे आत…"

बाबांनी त्याचे हात पहारेवरून अलगद सोडवले. त्यांना धाप लागली होती. कपाळावरचा घाम पुसून त्यांनी आजूबाजूच्या त्या लहान ढिगांवरून नजर फिरवली, सावकाश, एकेकाला ओळख दिल्यासारखी.

"एवढी लेकरं आहेत रे इकडे… आणि जवळ मोठं माणूस एकही नाही."